मुखरूभाऊची बेशरम

आमच्या गावात बेशरमच्या झाडाला पाणी घालणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. बेशरम तुम्ही पाहिलीच असेल. नाल्याच्या कडेला, तलावाच्या काठाला, रस्त्याच्या खड्ड्यात, जिथं कुणी बोलावलं नाही तिथं उगवते. फिकट जांभळी, लाऊडस्पीकरच्या भोंग्यासारखी फुलं. बकरी तिला तोंड लावत नाही आणि ढोर तिच्याकडं बघत नाही. सगळं जग तिला काढण्यात गुंतलेलं, आणि आमचे मुखरूभाऊ एप्रिलच्या उन्हात, जेव्हा आमच्या पोंभुर्ण्याकडं कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात, तेव्हा बोअरिंगवरून बादल्या भरून आणून तिच्या बुडाशी ओतायचे. झाडाभोवती आळं केलेलं, त्यात शेणखत, वरून वाळल्या पानांचं पांघरूण. माझ्या घरच्या लिंबाचे इतके लाड कधी झाले नाहीत.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "मुखरूभाऊ, पागल झाले का जी? जास्वंद लावा, मोगरा लावा. हे काय लावून राह्यले?"

"थांब. पयले माह्यं ऐक," ते म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास मी ऐकत उभा होतो. दळणाचे डबे चक्कीवर तसेच पडून राहिले.

"पयले माह्यं ऐक" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते एकदा तोंडातून निघालं की समोरच्यानं आपलं बोलणं घडी करून खिशात ठेवायचं. मधे श्वास घेत नाहीत, पूर्णविराम देत नाहीत. निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार हात जोडून त्यांच्या अंगणात गेला होता. तासाभरानं बाहेर आला तेव्हा सागाच्या लाकडात गाठ कशी ओळखायची हे त्याला पाठ झालं होतं, पण स्वतःचं चिन्ह सांगायचं मात्र राहून गेलं. तो पडला. गावात अजून म्हणतात, मुखरूभाऊनं पाडला.

उमर त्यांनी चंद्रपूरच्या एका आरा मशीनवर काढली. लाकूड चिरणं हाच धंदा. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीननं नेली, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "पगारातून कापली." बायको सरूबाई गेल्यावर गावी परत आले आणि माझ्या चक्कीला लागून असलेलं बापाचं घर उघडून एकटेच राहायला लागले. उंच, वाळकट माणूस, डोक्यावर पांढऱ्या केसांचा फडा. चालताना मान जरा पुढं काढून चालायचे.

गावाचं त्यांच्याबद्दलचं मत साधं होतं. माणूस घमेंडी आहे आणि कुणाचं ऐकून घेत नाही. माझी बायको शालू तर म्हणायची, "तुमाले ते बरे वाटतेत, कारण तुमी बी तसेच. दोघं बी एका वक्ती बोलता."

ते खरं होतं. चक्की चालवून चालवून माझा आवाज चक्कीवाल्याचा झाला आहे. मोटर घरघरत असताना गिऱ्हाइकाशी बोलायचं तर ओरडल्याशिवाय भागत नाही, आणि मग मोटर बंद झाली तरी तोंडाला ते कळत नाही. मी मुलीच्या लग्नात पाहुण्यांना "बसा" म्हटलं तर दोघं घाबरून उभे राहिले होते. तर या मुखरूभाऊंना माझ्या चक्कीवर बसायला फार आवडायचं. पोत्यावर बसायचे, भिंतीला टेकायचे, आणि त्या गोंधळात आम्ही एकमेकांवर ओरडत जगाचे प्रश्न सोडवायचो. गंमत अशी की लाईन गेली, चक्की थांबली, सगळीकडं शांत झालं, म्हणजे आता जरा नीट बोलता येईल असं वाटावं, तर हा माणूस वाक्य अर्धं टाकून उठायचा. "जातो, काम आहे." बायका आपापसात हसायच्या. त्यांना वाटायचं म्हातारा उजेड असेपर्यंतच पाहुणा. मला वाटायचं, या गावात एक माझंच तेवढं त्यांना पटतं, बाकी कुणाशी बसावं असं त्यांना वाटत नाही. मला त्याचा थोडा गर्वही होता, खोटं कशाला बोलू.

आता बेशरम कशासाठी? तर भुंग्यांसाठी.

आमच्याकडं कापसाची पऱ्हाटी आली, सोयाबीन आलं, फवारण्या आल्या, आणि भुंगे दिसेनासे झाले. पण मुखरूभाऊंच्या अंगणात सकाळी ऊन चढलं की बेशरमच्या फुलांवर हे काळे ठोसर भुंगे जमायचे. पंखांवर ऊन पडलं की जांभळी चमक. मुखरूभाऊ खाट बरोबर झाडाखाली ओढून बसायचे, डोळे मिटून. त्या वेळी अंगणात कुणी गेलं तर ओठांवर बोट. दिवसभर ज्याच्या तोंडाला टाळं लागत नाही तो माणूस तासभर चूप. शालू म्हणायची, देवळात आरतीलाही इतका गप बसत नाही हा बुढा.

भुंग्यांना ते पाव्हने म्हणायचे. "पाव्हने आले का?" "पाव्हन्यायचं आज मन नाई, ढग आहेत ना." उन्हाळ्यात बाकीच्या बेशरमी वाळून काड्या होतात, फूल धरत नाहीत, म्हणून या बाईसाहेबांना बादल्या. बारा महिने फूल पाहिजे, बारा महिने पाव्हने पाहिजेत.

पाव्हने फुलं चाखत होते तोवर माझी हरकत नव्हती. पण भुंग्याला राहायला लाकूड लागतं, आणि लाकूड होतं माझ्या चक्कीच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत. माझ्या आजानं छपराखाली घातलेल्या मयालीला, त्या जाड आडव्या लाकडाला, त्यांनी गोल गोल भोकं पाडली. खाली भुसा. गिऱ्हाइकाच्या पिठात भुसा. एका बाईनं तर मला तोंडावर विचारलं, "भाऊ, गहू दळता का मयाल?"

मी तावातावानं मुखरूभाऊंना ओढत आणलं. "बघा तुमच्या पाव्हन्यांनी काय केलं ते! घर पोखरलं माझं!"

त्यांनी मान वर केली. बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं कौतुक पसरलं की माझा संताप आणखी वाढला.

"पाह्य बंडू," ते म्हणाले. "कसा गोल आहे! गिरमिटानं असा पडत नाई. इतकी वर्सं मिलमधी राह्यलो, असा मिस्त्री नाई पाह्यला."

"मिस्त्रीचं कौतुक नंतर करा, भोकं बुजवा!"

मग त्यांनी स्टूल घेतलं, वर चढले आणि मयालीला कान लावला. लहान मूल रेल्वेच्या रुळाला लावतं तसा. डोळे मिटले. एका भोकाजवळ म्हणाले, "हे बुजव, खाली आहे, अंदर कोनी नाई." दुसऱ्याजवळ थांबले. चेहरा पार खुलला. "इथी नोको. इथी एक घरी आहे." आणि हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी कुठूनसा सावरीचा एक ओंडका आणला, दोरीनं आपल्या सपरीत टांगला आणि मला म्हणाले, "त्यायले घर बांधून देल्लं. आता तुह्या इथी येनार नाईत." भुंग्यांनी ते घर पसंत केलं का? केलं. माझंही सोडलं नाही.

त्यांना एक मुलगी. रेखा. तिनं आपल्या मनानं लग्न केलं होतं, भामरागडकडच्या एका शिक्षकाशी. त्या वेळी मुखरूभाऊंनी आकांडतांडव केलं होतं हे सगळ्यांना ठाऊक. वर्षभर तिचं नाव काढलं नाही. मग जावई स्वतः येऊन भेटला, पाया पडला, यांनी त्याला जेवू घातलं, आणि ते प्रकरण मिटलं असं आम्ही समजून चाललो. भामरागड म्हणजे जवळ नाही. पावसाळ्यात नद्या रस्त्यावर आल्या की तिकडचा माणूस तिकडं आणि इकडचा इकडं. म्हणून फोन. रेखा फोन करायची.

ते फोनवरचं बोलणं मी कितीदा तरी ऐकलं आहे, कारण भिंत एकच. मोबाईल खाटेवर समोर ठेवलेला असायचा. त्याचा उजेड लागला की हे उचलायचे आणि सुरू, "हाव. मी बरा आहे. जेवलो. पाऊस नाई. बेशरमले फूल आहे. पाव्हने आले होते. पोराले सांभाळ. ठेवतो." आणि खट्. तिकडून पोरगी काही बोलली असेल नसेल, तिचं वाक्य तिच्या तोंडातच.

शालूला हे सहन व्हायचं नाही. रेखा कधी कधी शालूला फोन करायची. "काकू, बाबा अजून रागात आहेत का वो? माह्यं एक आयकून घेत नाईत. माह्या पोरगा दवाखान्यात होता, ते सांगाले फोन केल्ता. तवा बी भुंग्याचंच सांगत राह्यले." शालू फोन ठेवायची आणि भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "दगड आहे दगड!" भिंतीपलीकडून उत्तर यायचं नाही. यायचं कसं?

आता या बेशरमचं पुढं काय झालं ते सांगतो. मुखरूभाऊंचं अंगण उताराचं आहे, आणि उताराच्या शेवटी गावाचा तलाव. आमच्या गावातली ढिवरांची घरं त्या तलावावर जगतात. त्यांची सोसायटी आहे, बीज सोडतात, जाळं टाकतात, मासळी बाजारात नेतात. इतकं पाणी आणि खत मिळाल्यावर मुखरूभाऊंची बेशरम अंगणात थोडीच मावणार? ती कुंपणातून निघाली, नालीनं खाली उतरली आणि तलावाच्या काठाला लागली. तिथं एकदा ती जमली की जाळं ओढता येत नाही, अडकतं, फाटतं. काठाचं उथळ पाणी, जिथं मासळी अंडी घालते, तेच नेमकं ती खाते. म्हणजे हा काही शोभेचा प्रश्न नव्हता. लोकांच्या चुलीचा होता.

सोसायटीचे देवाजीभाऊ हा शांत माणूस. त्यांनी भांडण केलं नाही. रीतसर बैठक बोलावली, पाराजवळ, संध्याकाळी. मुखरूभाऊंनाही बोलावलं. मीही होतो. पहिली पंधरावीस मिनिटं मुखरूभाऊच बोलले, सवयीप्रमाणं. भुंगा कसा असतो, त्याला किती पंख, सावरीचं लाकूड त्याला काऊन आवडते. लोक जांभया द्यायला लागले. मग देवाजीभाऊ हळू आवाजात बोलले. चांगलंच बोलले. म्हणाले, मुखरूभाऊ, तुमचं मन आमाले समजते, पण तलाव गेला तं आमी कुठी जाऊ? मिरग लागायच्या आधी तुमच्या अंगणातली आणि नालीतली सगळी बेशरम साफ करू, तुमची हरकत नसली तं. आणि शेवटी विचारलं, "चालते का जी?"

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी मुखरूभाऊंकडं पाहिलं. मुखरूभाऊंनीही मान हलवली. "हाव, हाव. बराबर आहे."

मी चाटच पडलो. इतका हट्टी माणूस, एका शब्दात कबूल? लोक तर इतके खूश झाले की कुणीतरी त्यांना पान खाऊ घातलं. घरी येताना मी म्हटलं, "मोठं मन केलं तुम्ही." तेव्हा रस्त्यावरून ट्रॅक्टर चालला होता. ते पान चघळत पुढं चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीची माणसं ईळे आणि कुऱ्हाडी घेऊन अंगणात आली. मुखरूभाऊ खाटेवर होते, झाडावर पाव्हने आलेले. माणसं दिसली तसे ते ताडकन उठले. चेहरा असा झाला, जणू चोर घरात शिरलेत. पहिली फांदी पडली तसे धावले, दोन्ही हात आडवे धरून झाडासमोर उभे राहिले.

देवाजीभाऊ गोंधळले. जवळ गेले, हातवारे करून म्हणाले, "भाऊ, काल तुमीच तं हो म्हनले! साऱ्यायच्या समोर!"

मी भिंतीवरून पाहत होतो. मुखरूभाऊ एकाचं तोंड पाहत होते, मग दुसऱ्याचं. कुणी हसत होतं, कुणी वैतागलं होतं. मला वाटलं, आता "पयले माह्यं ऐक" निघणार. नाही निघालं. हळूहळू त्यांचे हात खाली आले. बाजूला सरकले. म्हणाले, "हाव. म्हनलो होतो. कापा."

आणि स्वतःच खाट उचलून आत घेऊन गेले. दुपारपर्यंत अंगण साफ झालं. भुंगे दोन दिवस त्या रिकाम्या जागी घिरट्या घालत होते, मग गेले.

मला घशाचा त्रास आहे. उन्हाळ्यात पीठ आणि धूळ मिळून तो असा बसतो की आवाजच निघत नाही. त्या आठवड्यात नेमका बसला. वरून लाईन नव्हती, चक्की बंद. मी दुपारी मुखरूभाऊंकडं गेलो, म्हटलं दुःखात आहे माणूस, बसू जरा. ते सपरीत त्या टांगलेल्या ओंडक्याखाली पाठ करून बसले होते. मी मागून घोगऱ्या आवाजात म्हटलं, "मुखरूभाऊ." हलले नाहीत. पुन्हा म्हटलं. नाही. पुढं जाऊन समोर बसलो तेव्हा दचकले.

"बंडू! कवा आला?"

मी बोलायला लागलो. ते माझ्या ओठांकडं पाहत होते. डोळ्यांकडं नाही, ओठांकडं. मान हलवत होते, "हाव, हाव, बराबर आहे." मी विचारलं होतं, जेवलात का, की तसेच बसून आहात? त्याला "बराबर आहे" हे काय उत्तर झालं? मी थांबलो. तोंडावर हात आडवा धरला आणि हाताआडून पुन्हा तेच विचारलं. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. मग मान खाली घातली.

"समजलं का तुले," ते म्हणाले.

मला इतकी वर्षं काही समजलं नव्हतं. मी ओरडणारा माणूस, माझ्या ओरडण्यात त्यांचं बहिरेपण झाकून गेलं होतं. त्यांना माझं पटत होतं म्हणून ते माझ्याकडं बसत नव्हते. माझा आवाज तेवढा पोहोचत होता म्हणून बसत होते. आणि चक्की सुरू असली की सगळेच बहिरे, तिथं यांना कोण ओळखणार?

"मिलनं घेतले कान," ते सांगायला लागले. "पयले बारीक आवाज गेले. चिमन्या गेल्या. मंग बायायचे आवाज, पोट्ट्यायचे. फोनची घंटी नाई येत, उजेड पाह्यतो. रेखी काय बोलते मले काई समजत नाई. म्हनून मीच सांगून टाकतो सारं, आन् ठेवतो. तिनं काई विचारलं आन् मी भलतंच बोललो तं तिले समजन ना, बाप बहिरा झाला ते."

"अहो पण सांगायचं ना!" मी घशाच्या चिंध्या करत ओरडलो.

"मिलमधी एक बहिरा होता. त्याले सारे चिडवत. मागून जाऊन काईबाई बोलत. तो हासे, त्याले वाटे हे गंमत सांगून राह्यले. मी बी हासत होतो त्याले, बंडू." त्यांनी कानावरून हात फिरवला. "तसं नाई व्हायचं होतं मले."

"आणि बैठकीत?"

"देवाजीचा आवाज बारीक. सारे मान हालवत होते, मी बी हालवली. सकाळी समजलं, मी कबूल केलं म्हनून. मंग कसा म्हनू, का मले आयकूच नाई आलं?" त्यांनी रिकाम्या अंगणाकडं पाहिलं. "तुह्या आवाज येते, तू वरडतो म्हनून. आन् पाव्हन्यायचा येत होता. तो भारी असते ना, जाडा. बिना वरडता येत होता. बस, तेवढाच होता."

मला फार वाईट वाटलं. राग पण आला, त्यांचा, गावाचा, माझ्या या भोंग्यासारख्या तोंडाचा. घरी येऊन शालूला सांगितलं. ज्या भिंतीकडं तोंड करून ती "दगड" म्हणायची त्या भिंतीकडं तिनं पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग रेखाला फोन लावला. रेखानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मंग रागात नव्हते ते?" तिला लगेच निघायचं होतं. पण तोवर तिकडं पाऊस सुरू झाला होता, पर्लकोटा नदी पुलावर चढली, आणि रस्ता बंद झाला.

इकडं आमच्या शहाण्यांनी एक करामत करून ठेवली होती. तलावात चोरून जाळं टाकणारे असतात, त्यांचं जाळं अडकावं म्हणून ढिवर लोक दरवर्षी पाण्यात बाभळीचे, बोरीचे काटेरी फाटे टाकून ठेवतात. या वर्षी बोरी तोडायला रानात कोण जाईल? मुखरूभाऊंच्या अंगणातल्या बेशरमचा एवढा ढीग पडला होता, उन्हात वाळून तांबडा झालेला. मेलेलं लाकूड समजून सगळ्यांनी तोच ओढत नेला आणि तलावभर टाकला. बेशरम वरून वाळली होती, आतून जिवंत होती. पाऊस पडला, पाणी चढलं, आणि प्रत्येक काडीनं मूळ धरलं. दिवाळीपर्यंत तलावाचा अर्धा काठ हिरवा, वर जांभळी फुलं. देवाजीभाऊ तलावाच्या बांधावर उभे राहून नुसते पाहत होते. म्हणाले, "अंगनात होती तं बरी होती."

थंडीत पाणी उतरल्यावर सगळं गाव उपटायला उतरलं. मुखरूभाऊंना कुणी बोलावलं नव्हतं. ते ईळा घेऊन आपले आपण आले, धोतर खोचून कमरेइतक्या पाण्यात शिरले. "माह्या आंगनातली आहे, मी काढतो," एवढंच बोलले. आणि काय सांगू, त्या फुलांवर भुंगे आले होते. हे मुळं उपटत होते आणि डोक्याभोवती पाव्हने. मधेच ते थांबायचे, हातातलं झाड तसंच धरून, जरा वेळ. मग पुन्हा उपटायचे. मीही उपटत होतो, पण त्यांच्याकडं पाहवत नव्हतं.

अशात, रस्ता सुटल्यावरही घर-पोरातून सवड काढता काढता, रेखा आली. बसमधून उतरून घरी गेली, घराला कडी, म्हणून शालू तिला घेऊन तलावाच्या बांधावर आली. तिनं पाण्यातला बाप पाहिला आणि हाक मारली. "बाबा!"

पाण्यातली सगळी माणसं वळली. पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बाया वळल्या. मुखरूभाऊ नाही वळले.

"बाबा! बाबा वो!" ती छातीतून ओरडली. ते तिच्याकडं पाठ करून एक मूळ हलवत होते.

पाण्यातल्या सगळ्यांचे हात थांबले.  देवाजीभाऊ माझ्या बाजूला उभे होते, हातातली झाडं त्यांनी पाण्यात सोडून दिली. हळूच मला म्हणाले, "म्हंजे त्या दिवशी यायनं आयकलंच नाई? आन् मी म्हनलो, साऱ्यायच्या समोर तुमीच हो म्हनले." मग काठावर जाऊन बसले. त्यांचा त्यात काय दोष? पण बसले खरे.

रेखा चप्पल काढून तशीच पाण्यात उतरली, लुगड्यासकट, आणि बापाच्या दंडाला हात लावला. ते वळले. तिला पाहिलं.  तिनं त्यांच्या हातातलं झाड काढून घेतलं आणि काठावर फेकलं.

बेशरम निघाली. पूर्ण नाही, ती पूर्ण कधी निघत नाही, पण जाळं टाकण्याइतका तलाव मोकळा झाला. भुंगे पुन्हा गेले. माझी मयालसुद्धा रिकामी पडली आहे. आता तिथून भुसा पडत नाही, आणि सांगायला लाज वाटते, पण मला तो पडावा असं वाटतं.

रेखानं त्यांना चंद्रपूरला नेलं आणि कानाची मशीन लावून आणली. त्या संध्याकाळी मी त्यांच्या सपरीत बसलो होतो. मुखरूभाऊ हैराण होते. "हे काय वाजते?" "पंखा आहे जी." "आन् हे?" "तुमचीच खाट कुरकुरते." माझ्याकडं वळून म्हणाले, "तू हळू बोल बंडू, कान फाटतेत." जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी असं म्हटलं आणि मी चिडलो नाही.

आतून रेखा म्हणाली, "बाबा, भात वाढू का?"

मुखरूभाऊ उठून उभे राहिले. दाराकडं पाहायला लागले, असे की आत जावं की नाही ते त्यांना समजत नव्हतं. रेखा ताट घेऊन बाहेर आली. ते तिच्याकडं पाहत राहिले.

"पुन्हा बोल," ते म्हणाले.

"काय बोलू? भात वाढला आहे."

"तुह्या आवाज तुह्या मायवानी आहे."

रेखा हसली. "हो, सारे म्हनतेत."

"कवा झाला असा? तू गेली तवा तं बारीक होता. पोरीवानी होता. फाटकापासून बाबा बाबा करत येत होती." ते खाटेवर बसले. मशीन कानात नीट दाबली. "मधला आवाज मी आयकलाच नाई, रेखी. तो तं होऊन गेला."

तिनं ताट खाली ठेवलं आणि त्यांच्याजवळ बसली.

"आता हा आयका," ती म्हणाली. "आता हाच आहे."

मी उठून घरी आलो. भात निवेपर्यंत ती दोघं तशीच बसून होती.